बादलीतली मुळं

फिश टँकची देखभाल हा माझा धंदा. ठाण्यातल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये तीन फुटी टाकी मीच लावून दिली होती. वेटिंग रूमला खिडकी नाही, म्हणून मुद्दाम कमी उजेडात तगणारी झाडं निवडली: लाकडाला बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न, पुढच्या वाळूत क्रिप्टोकोरायनी, थोडक्यात क्रिप्ट. दिवसाला सात तास साधा एलईडी, बस्स.

मग रंगकाम निघालं, टाकी या भिंतीवरून त्या भिंतीला गेली आणि दहाव्या दिवशी डॉक्टर मॅडमचा फोन आला. "सगळी झाडं सडली हो. आता प्लास्टिकचीच लावून टाका."

मी पोचलो तेव्हा पुढची वाळू उघडी पडली होती. मॅडमनी क्रिप्ट आदल्या दिवशीच उपटून काढल्या होत्या. जागा किंवा पाणी बदललं की क्रिप्टची पानं काचेसारखी पारदर्शक होतात आणि विरघळतात. क्रिप्ट मेल्ट म्हणतात त्याला. दिसतं भयंकर, पण झाड मेलेलं नसतं. हे मी टाकी लावतानाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ती चूक माझीच.

"फेकली का?" मी विचारलं. मॅडम काही बोलायच्या आत झाडलोट करणाऱ्या मावशी आतून बादली घेऊन आल्या. पाण्यात पांढऱ्याशुभ्र मुळांचे झुबके, वर पान एकही नाही.

"मुळं जिती होती ओ दादा. पानं गेली म्हणून अळकुड्या कोण टाकतं का?"

मावशी चिपळूणकडच्या. मी त्यांना म्हटलं, मावशी, ही अळूच्याच कुळातली आहेत. क्रिप्टसुद्धा आणि तो अनुबियाससुद्धा. त्यांना नवल वाटलं नाही. मला मात्र वाटलं, कारण इतक्या वर्षांत हे कुळ पुस्तकात वाचूनही मला कधी अळूचा वाफा आठवला नव्हता.

अनुबियासचं दुखणं वेगळं होतं. टाकी हलवणाऱ्यांनी तो लाकडावरून सोडवून वाळूत खोल खोचला होता. त्याचं आडवं जाड खोड, म्हणजे राइझोम, उघडंच राहायला हवं. गाडलं की कुजतं. उपसला तर नाल्यासारखा वास. दोन बोटांत दाबत गेलो. मागचा भाग लोण्यासारखा बसला, पुढची चार बोटं टणक हिरवी. ब्लेडने टणक भागापर्यंत कापला आणि काळ्या दोऱ्याने परत लाकडाला बांधला. जावा फर्नला काही झालं नव्हतं. त्याच्या पानांखालचे काळे ठिपके पाहून मॅडमना तोही रोगट वाटला होता. ते बीजाणू असतात, हे दाखवल्यावर त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. प्लास्टिकचा विषय परत निघाला नाही.

क्रिप्ट वाळूत बसवल्या, अर्धं पाणी बदललं, एलईडी सहा तासांवर आणला. पानं नाहीत तोवर जास्त उजेड शेवाळाच्याच कामी येतो.

निघताना मावशींनी विचारलं, "आमच्या खोलीत ऊन येत नाही. तुळसपण जगत नाही. यातलं काही लागंल का?" कापलेल्या अनुबियासच्या टोकाला तीन पानांचा एक फुटवा होता, तो वेगळा केला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकीचंच पाणी भरलं आणि गारगोटीला दोऱ्याने बांधून तो आत सोडला. आठवड्याने अर्धं पाणी बदला, नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मगच घाला, एवढं सांगितलं.

बरणी पदराखाली धरून मावशी जिना उतरल्या.