कोल्हापूरची पहाट आणि कट्ट्यावरचे वस्ताद

कोल्हापुरात कुस्तीची तालीम बघायची तर पहाटे पाचला दारात हवं. आठनंतर गेलात तर आवराआवर चाललेली दिसेल, बाकी काही नाही. मी गेलो ती तालीम गंगावेशीच्या अंगाला, अंबाबाईच्या देवळापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. दार बुटकं, वाकूनच आत शिरायचं. भिंती जाड, खिडक्या लहान, कारण घामेजल्या अंगाला वारा लागता कामा नये. चपला बाहेर काढायच्या, आधी मारुतीला हात जोडायचे, मातीत पाय ठेवायचा नाही आणि फोटोआधी वस्तादांना, म्हणजे कुस्ती शिकवणाऱ्या गुरूंना, विचारायचं. बायकांना जुन्या तालमींत अजून सहसा आत घेत नाहीत, त्यामुळे आधी चौकशी केलेली बरी.

वस्ताद कट्ट्यावर. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, कान मोडून गोळा झालेले. नव्या पोरांची पारख ते कुस्तीत करतच नाहीत, फावड्यावर करतात. लढतीआधी आखाडा उकरून भुसभुशीत करायचा, ते काम नवख्यांचं. जो गुडघ्यात वाकून कमरेनं फावडं मारतो त्याच्याकडे नजर वळते. नुसत्या हातांनी खेचणाऱ्याचे खांदे लढतीआधीच भरून येतात आणि पकड सुटते.

मातीही वस्तादच तपासतात. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, कडुनिंबाचा पाला घालून ती मुरवलेली असते. मूठभर उचलून दाबतात: गोळा व्हायला हवा, पण बोट टोचलं की फुटायला हवा. कोरडी राहिली तर डोळ्यानाकात जाते, कातडी सोलते. जास्त ओली झाली तर ढेकळं होतात, पाय रुतून बसतो आणि अंग वळलं तरी गुडघा वळत नाही. निम्मी दुखणी तिथली.

मग मेहनत. नवख्याला शंभरेक जोर आणि त्याच्या दुप्पट बैठका. मुरलेला गडी पाचशेच्या पुढं जातो. वस्ताद आकडा मोजत नाहीत, शेवटचे वीस बघतात. कंबर आधी खाली पडायला लागली, श्वास तोंडानं सुरू झाला, की 'बास' म्हणून थांबवतात. वाईट सवय लागलेले जोर फुकट.

लढतीत खडाखडी, म्हणजे उभ्यानं हात-मान धरून झटापट, सुरू झाली की वस्तादांचा आवाज चढतो. एक पोरगा पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, मान खाली घालून शिरला. समोरच्यानं वरून अंग टाकलं, मान छातीखाली दबली, पाय हाताशी येऊनही उचलता येईना. "मान वर घे की रं! बघतोस काय मातीत, पैसं पडल्यात का?" डोकं वर, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला आणि पुढचा गुडघा त्याच्या दोन पायांच्या मध्ये, असं असेल तरच पट निघतो. तेवढं एकच त्या पोराकडून दहा-बारा वेळा करून घेतलं.

वस्तादांची खरी तक्रार दमाची. स्पर्धेच्या गादीवर, म्हणजे मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विसावा, शिवाय गुण. पोरं तेवढ्यापुरतीच तयार होतात. जत्रेच्या मैदानात मातीवर पाय रुततो, चाल मंदावते, चितपट होईपर्यंत झुंजावं लागतं. मॅटवरचा चपळ गडी तिथं दहाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवतो. मॅट नको असं मात्र ते म्हणत नाहीत. मातीत तयार झालेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटवरच कांस्यपदक मिळवलं, हे तालमीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

लढत आटपली की अंगावर माती चोळून घाम जिरवायचा, ती सुकली की झाडून मगच आंघोळ. दगडी कुंडीत रात्री भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप घोटून थंडाई होते. पाहुण्यालाही पेला मिळतो. रिकाम्या पोटी पूर्ण पिऊ नका, जड पडते. वेळ असेल तर तिथून कुस्तीचं खासबाग मैदान बघून घ्या. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 सालचं, मधला आखाडा सगळीकडून दिसावा अशी उतरती बैठक.

निघताना मान खाली घालणारा पोरगा वस्तादांच्या पाया पडला. "उद्यापास्नं फावडं तुझ्याकडं," एवढंच ते म्हणाले. बाकीची पोरं त्याच्याकडं हेव्यानं बघत होती.