पान २४०

सकाळी साडेदहाला काका जिना चढून आले, तेव्हा मला वाटलं, सही करायला आलेत. शेवटचं प्रूफ टेबलावर तयार होतं, सोळा-सोळा पानांचे पंधरा फॉर्म, २४० पानं. दुपारी फाइल छपाईच्या प्लेट काढायला जायची होती. काकांनी पिशवीतून आधी चष्मा काढला, मग चार घड्यांचा एक कागद. म्हणाले, "ताई, एवढं शेवटी घालायचंय."

चौदा ओळी होत्या.

काका एस.टी.तले निवृत्त वाहक. बीड जिल्ह्यातल्या एका आगारात त्यांची नोकरी झाली. ही त्यांची पहिलीच कादंबरी. आठ वर्षं लिहीत होते, दोनशे पानी पाच वह्या भरल्या. त्या वह्या सुनेनं घरचं सगळं आवरून रात्री फोनवर टाइप केल्या. तिचं नाव ऋणनिर्देशात आहे, पण माझ्या मते ते मुखपृष्ठाच्या आतच हवं होतं.

प्रूफ वाचणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ पाहणं, असं बाहेर सगळ्यांना वाटतं. ते सगळ्यात सोपं. सुनेची फाइल पानं लावायच्या फाँटमध्ये फिरवली, तेव्हा त्यातला अर्धा 'र' मोडला आणि बालाघाटातल्या सगळ्या 'दऱ्या' 'दर्या' झाल्या. डोंगरात समुद्र शिरला. संगणकाला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. 'आचाऱ्यांना' वाढायला सांगितलं काय आणि 'आचार्यांना' सांगितलं काय, त्याला फरक कळत नाही. तो माणसालाच दिसतो, तोही मूळ मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली तर. पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ ला सुटली. फाइलमध्ये त्याचं १९८४ झालं होतं आणि नायकाच्या वडिलांचं अख्खं आयुष्य त्या तारखेवर उभं होतं. हल्ली कित्येक प्रकाशक हा टप्पाच गाळतात, फाइल आली की सरळ छापखान्यात. मला त्याचा संताप येतो. वाचकानं पुस्तकाचे पैसे मोजलेले असतात.

चूक माझ्याकडूनही झाली. पहिल्या प्रुफात मी संवादांमधलं 'म्हणायलेत', 'चाललायलो', 'बघायलीय' सगळं लाल केलं आणि समासात 'म्हणतायत', 'चाललोय' लिहून दिलं. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ताई, एक 'चाललायलो' तुम्ही बरोबर काढला, तो सुनेच्या बोटाचा दोष. आम्ही नुसतं 'चाललो' म्हणतो. बाकीचं चुकीचं नाही. आमच्याकडं असंच बोलायलेत लोक." पात्राच्या तोंडची बोली तशीच ठेवायला लेखननियमांचीही आडकाठी नाही, हे मला पाठ आहे. तरी पेन चाललं. पुण्यात बसून आम्ही किती जणांची भाषा अशी धुऊन काढली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मी ते एकेक रूप परत बसवलं.

काकांचं दुखणं वेगळं होतं. कादंबरी त्यांच्या हातातून सुटत नव्हती. पहिल्या प्रुफात लेखकानं वाक्यं बदलली तर मी काही म्हणत नाही. तिसऱ्या प्रुफात बदलली की पोटात गोळा येतो, कारण एक ओळ वाढली की पुढच्या सगळ्या सरकतात, तपासलेली पानं पुन्हा कच्ची होतात. काकांनी शेवट सहा वेळा बदलला. कधी आबा, म्हणजे त्यांचा नायक, आगारातच झोपी जायचा. कधी शेवटच्या गाडीत एकटाच बसून राहायचा. अखेर ठरलं ते असं: शेवटच्या ड्यूटीचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं करून, रोकड भरून, तिकिटांची रिकामी पेटी जमा करून आबा फाटकाबाहेर पडतो. बाहेर घ्यायला कुणी आलेलं नसतं. पुरी कादंबरीभर मुलाचा फोन येत नाही, आणि फाटकाशीही येत नाही. मी ते पान वाचलं त्या दिवशी पुढचं काम बाजूला ठेवलं होतं.

आणि त्या चौदा ओळींत आबा घरी पोचतो आणि मुलाचा फोन येतो.

ओळी वाईट नव्हत्या. एक वाक्य तर फार चांगलं होतं, फोन उचलताना आबा सवयीनं खिशातली चिल्लर चाचपतो ते. पण फोन आला की मागची २३९ पानं सैल पडत होती. हे मी काकांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, जागा नाही."

जे सांगितलं ते असं. एका फॉर्मात सोळा पानं, पंधरा फॉर्म म्हणजे बरोबर २४०. शेवटच्या पानावर चार ओळींची जागा उरली आहे. चौदा ओळी घातल्या की पान २४१ होणार, निदान अर्धा फॉर्म वाढणार, त्यातली सात पानं कोरी जाणार, छपाईचा खर्च आणि पुस्तकाची किंमत वाढणार.

न सांगितलेलं असं. शेवटच्या प्रकरणात अकरा परिच्छेद असे होते, ज्यांच्या अखेरच्या ओळीत एकच शब्द लोंबकळत होता. शब्दांमधलं अंतर केसभर आवळलं की तो शब्द वरच्या ओळीत जातो आणि एक ओळ वाचते. अकरा आणि चार पंधरा. आमचा पानं लावणारा मुलगा यात इतका तरबेज आहे की वाचकाला पत्ता लागत नाही. दोन तासांचं काम होतं.

काकांनी वाद घातला नाही. आयुष्यभर नियमानं चाललेला माणूस, नियमात बसत नाही म्हटल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. प्रुफावर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून, तारीख घालून, सावकाश सही केली.

मग चहा आला. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "परवा रात्री पोराचा फोन आला होता. सहा वर्षांनी. पुस्तक छापायला चाललंय, हे बहिणीकडून कळलं त्याला."

मला घोट गिळवेना. मी सगळं सांगून टाकलं, अकरा शब्दांचं, दोन तासांचं. जागा होत नाही असं नव्हतं, मला तो शेवट नको वाटला म्हणून तसं बोलले, हेही सांगितलं. म्हटलं, "फाइल अजून इथंच आहे. थांबवू का?"

ते बराच वेळ बशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नको. फोन मला आलाय. आबाला कुठं आला?" आणि तो कागद माझ्यापुढं सरकवला. "हा तुमच्यापाशी राहू द्या. माझ्यापाशी राहिला तर मी परत लिहीत बसेन."

फाइल तीन वाजता गेली.

तेव्हापासून मी यावर विचार करते आहे. ते खरंच मोकळे झाले की सही करून झाली होती म्हणून तसं म्हणाले? मी आधीच खरं बोलले असते तर ते माझ्याशी भांडले असते, आणि कदाचित त्यांनी मला पटवलंही असतं. एवढी संधी लेखकाला मिळायला हवी होती. शेवट आहे तोच चांगला, यावर मी आजही ठाम आहे. माझ्या ठामपणानं उलट जास्त टोचतं.

पुस्तकं गेल्या आठवड्यात आली, पाचशे प्रती. माझ्या दुरुस्तीच्या प्रतीत पान ११८ वर एक 'दर्या' राहिलेला सापडला, तो लाल केला. काकांचा कागद त्याच प्रतीत, शेवटच्या पानाशी आहे.

रविवारी त्यांचा फोन आला. "ताई, पेन न घेता वाचायलो पहिल्यांदा." मी विचारलं, मुलाला प्रत पाठवली का? म्हणाले, बुधवारीच पोचली. त्यानं शेवटपर्यंत वाचलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.