झाकण उघडून बघा, मग किंमत विचारा

आमचं कॉम्प्युटर-लॅपटॉपचं दुकान कोल्हापुरात शाहूपुरीत. सुरुवात असेंबल डेस्कटॉपवर झाली, कॅबिनेट उघडायचं, रॅम झाडून बसवायची, एसएमपीएस, म्हंजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बदलायचा, यूपीएसच्या बॅटऱ्या विकायच्या, यावर घर चालायचं. लॅपटॉप रिपेअरला यायचे पण थोडे, आणि लिनक्स, म्हंजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम, तर आमच्या डोक्यातच नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत घुसलं, शिरोलीपाशी हायवे बंद, सगळं कोल्हापूर अडकून पडलेलं. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं भरलेले लॅपटॉप घेऊन यायला लागले. त्या काळात आम्ही इतकी मशिनं उघडली की आतून कुठला लॅपटॉप कसा बांधलाय हे हाताला कळायला लागलं. बिझनेस सिरीजचे लॅपटॉप, म्हंजे लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड वगैरे, खालचे स्क्रू काढले की बेस सुटतो, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं, कुठला स्क्रू कुठला ते सुद्धा लिहिलेलं असतं. स्वस्तातल्या मशिनींचं उलटं, स्क्रू रबराच्या पट्टीखाली लपवलेले, बाकी सगळं प्लास्टिकच्या क्लिपांवर, एक क्लिप तुटली की पॅनल परत नीट बसत नाही.

मग लॉकडाऊन आला. ऑनलाईन शाळा, घरात दोन पोरं, मोबाईल एक, बजेट वीस-पंचवीस हजार. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्वस्त साठवण) असली मशिनं धडाधड विकली गेली. आणि वर्ष-दीड वर्षात तुटलेल्या हिंजची, म्हंजे स्क्रीन उघडते त्या बिजागरीची, लाईन लागली. त्यात होतं काय, हिंज असते लोखंडाची आणि चांगली टाईट, ती जिथं स्क्रूनं बसते तिथं पितळेचे बारीक नट प्लास्टिकच्या खुंटीत रुतवलेले असतात. पोरं स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडतात, पीळ सगळा त्या खुंटीवर, एक दिवस कट् आवाज येतो आणि नट प्लास्टिकासकट उपटून बाहेर. नवीन पॅनल मिळायचा नाही, मिळाला तर लॅपटॉपच्या मानानं महाग. मग आम्ही उद्यमनगरातल्या एका टर्नरकडनं पितळेचे थोडे रुंद कॉलरवाले बुश करून घेतले, अडीच एमएमचा आटा, अरल्डाईटमध्ये बसवायचे, रात्रभर सोडायचं, आणि हिंज टाईट ठेवणारा तिचा स्वतःचा नट जरासा सैल करायचा. ही शेवटची गोष्ट बरेच मेकॅनिक करत नाहीत, मग तीच हिंज परत तुटते. कोल्हापुरात लेथवाला हाताशी आहे म्हणून आमचं जमलं, दुसऱ्या गावात हे काम परवडलं नसतं.

हिंज नीट झाली तरी मशीन चालतंय कुठं. ६४ जीबीत विंडोज बसलं की अपडेटलाच जागा उरायची नाही. तिथं आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी एडिशन टाकायला लागलो, मशीन एकदम मोकळं झालं. पण वायफाय दिसायचं नाही. बजेट लॅपटॉपमध्ये त्यावेळी रिअलटेकचं आरटीएल ८८२१ सीई कार्ड लई असायचं, त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हंजे सिस्टीमच्या गाभ्यात, आला ५.९ व्हर्जनला, आणि उबंटू २०.०४ (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) आणि मिंट २० यायचे ५.४ कर्नलवर. मग मोबाईल यूएसबीनं जोडायचा, टिदरिंग चालू करून मोबाईलचं नेट लॅपटॉपला द्यायचं, त्यावरनं डीकेएमएस वाला, म्हंजे कर्नल बदलला तरी आपोआप परत बसणारा, ड्रायव्हर टाकायचा, झालं. अकराव्या जनरेशनच्या इंटेल मशिनींवर आणखी एक गंमत, इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही, कारण बायोसमध्ये, म्हंजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हीएमडी नावाची इंटेलची डिस्क सांभाळायची सोय चालू असते. एसरच्या बऱ्याच मॉडेलात तो ऑप्शन लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल एस दाबल्याशिवाय दिसत नाही. हे माहिती नसेल तर माणूस डिस्क खराब म्हणून नवीन घेऊन मोकळा होतो.

या सगळ्यातनं आमचं मत पक्कं झालं ते असं, की तीस हजाराच्या आत नवीन घेण्यापेक्षा कंपनीतनं रिटर्न आलेला बिझनेस लॅपटॉप घ्यावा. पुणे-बेंगळुरूच्या आयटी कंपन्या लीज संपली की लॉट काढतात, तिथनं आम्ही उचलतो. थिंकपॅड टी ४८० घ्या, रॅमचे दोन स्लॉट, मागची बॅटरी खटका सरकवला की हातात, वायफाय इंटेलचं म्हणजे लिनक्सला काही सांगावं लागत नाही, आणि बायोसचं अपडेट सुद्धा लिनक्समधनं एफडब्ल्यूयूपीडी नावाच्या टूलनं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला आठव्या जनरेशनच्या खालचं बहुतेक इंटेल अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनची चांगली मशिनं आता मातीमोल भावात येतात. आमच्यासारख्यांची चंगळ आहे, खोटं कशाला बोला.

लॉट घेताना बायोसला पासवर्ड आहे का ते आधी बघायचं, असेल तर हात लावायचा नाही. मग लाईव्ह पेनड्राईव्ह, म्हंजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा, लावून एलएसपीसीआय कमांड मारायची, आत कुठल्या चिपा आहेत ते कळतं, आवाज, कॅमेरा, ब्राईटनेसच्या की बघायच्या. फिंगरप्रिंट चालेल असं आम्ही कुणाला कधीच सांगत नाही, बऱ्याच सेन्सरला लिनक्समध्ये ड्रायव्हरच नाही. आणि झाकण बंद करून रात्रभर ठेवायचं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी एस ३ झोप, म्हंजे रॅम सोडून बाकी सगळं बंद होणारी, काढून टाकलीय, झाकण बंद असलं तरी आतनं अर्धवट जागंच असतं, बॅगेत गरम होतं आणि सकाळी बॅटरी डाऊन. दुकानात दहा मिनिटं चालवून हे कळत नाही.

एमआयडीसीची गिऱ्हाईकं हा वेगळाच विषय. गोकुळ शिरगावच्या, शिरोलीच्या फौंड्रीतनं आलेला लॅपटॉप उघडला की फॅनमध्ये काळी भुकटी, हीटसिंकच्या जाळीवर नमद्यासारखा थर. तिथं बांधणी कितीही भारी असू दे, वर्षातनं दोनदा उघडून साफ करायला आणा असं आम्ही बिलावरच लिहितो.

आणि लिनक्स सगळ्यांना गळ्यात मारायचं नाही, हे आमच्याकडं पहिल्यापासनं आहे. मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी येतात, त्यांचं सगळं टॅलीवर, टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाईनच्या भानगडीत त्यांना कशाला पाडा. छापखानेवाल्यांच्या जुन्या फाईली श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्यांना विंडोजच बरं. आणि कॅनन एलबीपी २९००, जो निम्म्या कोल्हापूरच्या ऑफिसात आहे, तो प्रिंटर स्वतःच्याच भाषेत बोलतो, लिनक्सवर त्याला चालवायचं म्हंजे अर्धा दिवस गेला. एचपीचा असेल तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत प्रिंट बाहेर. म्हणून गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी प्रिंटर कुठला आणि अकाउंटचं काम कशावर करता ते विचारतो.

सध्या निम्मी विक्री कॉलेजच्या पोरांना आहे, इंजिनिअरिंगवाली लई येतात. यातली काही येतानाच विचारतात, वायफाय चिप कुठली, रॅम सोल्डर केलेली नाही ना. एका पोरानं तर परवा पैसे द्यायच्या आधी आमच्याच स्क्रू ड्रायव्हरनं बेस उघडला, हिंजचे चारी स्क्रू तपासले, आणि मग म्हणाला, आता दर सांगा भावा.