रत्नागिरीत दोन दिवस, तेही नोव्हेंबरात

स्टेशन शहरापासून लांब. रिक्षावाल्या काकांनी वाटेत विचारलं, "कामासाठी आलात?" म्हटलं, नाही, फिरायला. आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "मग गणपतीपुळ्याला जायचंत ना! नाहीतर मे महिन्यात तरी यायचंत."

गोव्याला जाताना कितीदा तरी हे स्टेशन खिडकीतून बघितलं होतं, यंदा ठरवून उतरलो. मारुती मंदिराच्या चौकात उतरल्यावर मात्र आपण कोकणात आलोय की कुठल्याही जिल्ह्याच्या गावी, हे कळेना. तेच मोबाइलचे गाळे, तेच फ्लेक्स, तीच हॉर्नची कटकट. समुद्र शोधत जावं लागतं. मांडवीची वाळू काळी, भेळ बरी. भाट्याचा किनारा लांबलचक, सुरूचं बनही छान, पण अर्ध्या तासात बघून झाला.

टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर मला आवडलं. कौलारू, शांत, अंगण झाडून ठेवलेलं. १९३१ सालचं पतितपावन मंदिरही बघितलं. सावरकरांचा पुढाकार आणि भागोजीशेठ कीरांचा पैसा यांतून सर्व जातींसाठी उभं राहिलेलं. मी गेलो तेव्हा आत दोन आजोबा पंख्याखाली पेपर वाचत बसले होते.

थिबा पॅलेसमध्ये मात्र रेंगाळलो. ब्रह्मदेशाचा हा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. म्हणजे उण्यापुऱ्या तीस वर्षांच्या कैदेत वाड्याचं सुख जेमतेम सहा वर्षं. लाकडी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला तर बोटांना धूळ लागली. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. सूर्यास्त सुरेख होता, खोटं कशाला बोलू. पण राजाने तीस वर्षं काढली त्या गावात मला दुसऱ्या दिवशी दुपारी काय करावं सुचेना.

जेवणाचंही तसंच. सुरमई ताजी, पण सोलकढी दोन्ही ठिकाणी पाणचट. आंब्याचा हंगाम नव्हताच, त्यामुळे आंबापोळीवर भागवलं.

शेवटी संध्याकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. बर्फ फोडल्याचा आवाज, बांगड्यांच्या टोपल्या, आणि एका टोपलीवरून दोघी मावश्यांची जुंपलेली. भाव आधी कुणी बोलला यावरून वाद. मी मध्येच उभा. त्यातली एक माझ्यावर खेकसली, "घ्यायचे नसतील तर बाजूला व्हा!" बाजूला झालो तो थेट माशांच्या पाण्यात. तासभर तिथंच थांबलो. दोन दिवसांत पहिल्यांदाच घड्याळ बघितलं नाही.

बुटांचा वास पनवेलपर्यंत गेला नाही. समोरच्या बर्थवरच्या काकू मात्र चिपळूणलाच जागा बदलून गेल्या.