चढलेली पट्टी, पुसलेला तानपुरा

जुन्या रेकॉर्डवरून काढलेल्या नाट्यपदांच्या एखाद्या नव्या संचातलं पहिलं पद लावा आणि पेटीवर त्याचा षड्ज, म्हणजे सा, शोधा. तो काळी चार आणि पांढरी सहा या शेजारच्या पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत असेल, तर संच काढणाऱ्यांनी रेकॉर्डचा वेग तपासलाच नाही, अशी शंका घ्यायला पूर्ण जागा आहे. कव्हर गुळगुळीत असतं, फोटो छान असतो, किंमतही चांगली घसघशीत असते. आत गायकाचा आवाज मात्र त्याचा राहिलेला नसतो.

७८ आर.पी.एम., म्हणजे तबकडीच्या मिनिटाला ७८ फेऱ्या, हा आकडा जुन्या काळात नावापुरताच होता. साधारण १९२५पर्यंत, म्हणजे विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत, कर्ण्यासमोर गायचं आणि मेणाच्या तबकडीवर कापायचं अशी पद्धत होती. तबकडी कोणी ७४ला कापली, कोणी ८०ला. ७४ला कापलेली रेकॉर्ड आज सरळ ७८वर वाजवली तर सूर जवळजवळ अख्खा अर्धा स्वर चढतो आणि ३ मिनिटं २० सेकंदांचं पद ३ मिनिटं १० सेकंदांत आटोपतं. ताना आहेत त्यापेक्षा चपळ वाटतात, मींड आखडते, गळा बारीक होतो. बालगंधर्वांसारख्या स्त्रीभूमिका करणाऱ्या गायकाच्या बाबतीत हे फार गंभीर आहे. त्यांच्या ऐन उमेदीतला आवाज कसा होता, किती उंच होता, हे सांगणारा पुरावा आता रेकॉर्डशिवाय दुसरा नाही. तोच आपण वाकडा करून पुढच्या पिढीच्या हाती देतो.

वेग ठरवायचा कसा? साथीला पायपेटी किंवा हार्मोनियम असेल तर सुरुवात तिथून करावी, कारण तिचे सूर ठरलेले असतात. पण एवढ्यावर विसंबू नये. जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही. त्या काळची काही वाद्यं ४५०च्या आसपासही असत, आणि तेवढ्यानंच पाव स्वराचा फरक पडतो. म्हणून त्याच गायकाची त्याच बैठकीतली दुसरी पदं शेजारी ठेवून ऐकावी लागतात. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर कापलेल्या चार बाजू असतील तर त्यांचा वेग सहसा सारखाच निघतो. तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर इथे कामाला येतो: लागोपाठचे नंबर म्हणजे बहुधा लागोपाठचं ध्वनिमुद्रण. लेबलावरचा विक्रीचा नंबर वेगळा. त्यावरून हे कळत नाही.

आणखी एक उत्तम खूण म्हणजे शेवटची घोषणा. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीनं ध्वनिमुद्रण सुरू केलं तेव्हा मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोवरला जात आणि रेकॉर्डी तिथे छापल्या जात. तिथल्या माणसांना कळावं म्हणून गायक शेवटी स्वतःचं नाव बोलून सांगत. गायिका गौहरजानची ती घोषणा पुष्कळांना माहीत आहे. गाण्यात पट्टी कुठलीही असू शकते, पण बोलण्याचा आवाज माणसासारखा लागतोय की खेळण्यासारखा, हे कान लगेच सांगतो. आणि नव्या संचात नेमकी तीच घोषणा कापलेली असते! ती दोन-तीन सेकंदं ठेवायला काय हरकत होती?

मैफलींच्या टेप्सना वेगळी युक्ती लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि जुन्या ध्वनिमुद्रणात तिची घरघर हमखास उतरलेली असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून गाणं सुरू होण्याआधीची शांत पाच-दहा सेकंदं निवडा, प्लॉट स्पेक्ट्रममध्ये साइझ ६५५३६ ठेवा आणि ५०, १००, १५० यांच्या आसपासची शिखरं बघा. शिखर १००ऐवजी १०४वर असेल तर टेप सुमारे चार टक्के वेगानं पळवलेली आहे. विजेची वारंवारताही पूर्वी थोडी इकडेतिकडे व्हायची, तेव्हा एखाद्या टक्क्याच्या फरकावरून भांडू नये. शिवाय १०४च्या जोडीला बरोबर १००वरही शिखर असेल तर ती घरघर टेप उतरवून घेतानाची. ती मोजायची नाही.

वेगानंतरचं मोठं पाप म्हणजे साफसफाई. खरखर नको म्हणून ती काढणारं डीनॉइज सगळ्या गाण्यावरून फिरवतात. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या सुरांचा सतत वाहणारा बारीक झोत, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी खरखरही तशीच सतत वाहणारी. त्याला फरक कळत नाही. मग तानपुरा आधी पाण्याखाली गेल्यासारखा होतो आणि पुढे नाहीसाच होतो. गायकाचा श्वास, दोन आवर्तनांमधली हवा, डग्ग्याची आस सगळं पुसलं जातं. टकटक काढणारं डीक्लिक जास्त चढवलं की तबल्यावरचा ‘ना’ बोथट होतो, कारण चाटीवरची टकोर आणि तबकडीवरच्या ओरखड्याची टकटक दोन्ही काही मिलिसेकंदांच्याच असतात. मोठ्या टकटकी हातानं, एकेक करून काढाव्यात. उरलेली खरखर राहू द्यावी. दोन मिनिटांत कान तिला बाजूला सारतो.

खरं काम सॉफ्टवेअरच्या आधी होतं. ७८च्या खाचेला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची १ मिलची सुई तळाशी घासत धूळ उकरते. खाच एका उंचीवर झिजलेली असेल तर २.५ किंवा ३.५ मिलची सुई न झिजलेल्या भागावर बसते आणि आवाज एकदम उघडतो. स्टीरिओ कार्ट्रिजनं वाजवून डावा आणि उजवा चॅनेल एकत्र केले की उभी खरखर आपोआप बरीच कमी होते. एकाच रेकॉर्डच्या दोन-तीन प्रती मिळवून जी जिथे चांगली ती तिथली घ्यावी. हे चिकाटीचं काम आहे, आणि त्याला दुसरी वाट नाही.

मांडणीतला निष्काळजीपणा मला तितकाच खुपतो. ७८वर बऱ्याचदा एका बाजूला विलंबित आणि पाठीमागे त्याच रागातला द्रुत असे. नव्या संचात गाणी अक्षरांच्या क्रमानं लावतात आणि ही जोडी सहावं आणि चौदावं अशी फुटते. एलपीवर मोठा ख्याल दोन बाजूंवर पसरलेला असेल तर पहिल्या बाजूच्या शेवटी आवाज हळूच मावळतो. मूळ टेप हाताशी असताना तो सलग देता येतो. तरीही सीडीवर तेच मावळणं आणि मग पुन्हा उगवणं ऐकू येतं, म्हणजे टेप उघडलीच नाही, एलपीच उतरवली.

नावांची दैना तर विचारू नका. रोमन लिपीतली यादी परत देवनागरीत आणताना ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’, भैरव आणि भैरवी यांची अदलाबदल होते. संगीतकाराच्या रकान्यात गायकाचं नाव, साथीदार गायब. ‘गीतरामायण’चंच घ्या: १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर ५६ गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली; सुधीर फडक्यांनी सगळी गीतं एकट्यानं गायली ती नंतरच्या रेकॉर्डवर. आपण कुठलं ध्वनिमुद्रण देतोय हे कव्हरवर लिहायला एक ओळ पुरते.

नव्यानं छापलेल्या एलपीबद्दल थोडक्यात. तबकडीच्या १८० ग्रॅम वजनाचा आवाजाच्या उगमाशी काही संबंध नाही. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांच्या चित्रात, १६ किलोहर्ट्झवर सरळ रेघ मारल्यासारखा आवाज तुटत असेल तर ती बहुधा एमपी-थ्रीवरून छापली आहे. मधलं भोक सरकलेलं असेल तर दर १.८ सेकंदाला सूर हेलकावतो. तानपुऱ्यावर हे असह्य होतं. अशी प्रत बिनदिक्कत परत करावी.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झाल्यापासून मुंबईत आधी ऐकून मग घेण्याची सोय जवळपास संपली. ताडून बघायला जुनी प्रत हवी असेल तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट गाठावी. तिथून आणलेल्या रेकॉर्डवर पावसाळ्याची बुरशी असतेच. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेनं पुसणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पातळ करून एलपीला चालतं. ७८ला कधीही लावू नये; ती लाखेची असते आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. लेबल ओलं होऊ देऊ नये.

घेतलेला संच चुकीच्या वेगाचा निघाला तर तो घरी दुरुस्त करता येतो. ऑडॅसिटीत चेंज स्पीड अँड पिच (जुन्या आवृत्त्यांत चेंज स्पीड) वापरा, नुसतं चेंज पिच नव्हे, कारण सूर आणि लय दोन्ही एकत्रच उतरायला हव्यात. ७४ची रेकॉर्ड ७८वर उतरवली असेल तर उणे ५.१ टक्के. मूळ फाइल तशीच ठेवा, आणि नव्या फाइलच्या नावात किती टक्के बदल केला ते लिहा. संच काढणाऱ्यांना पत्र धाडताना हाच आकडा द्या, कुठल्या पदात आणि कितव्या सेकंदाला मोजला त्यासकट.