"मग नगरपालिका आम्ही चालवायची का?"

मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढची ती जनहित याचिका माळव्यातल्या एका लहान गावाच्या पाण्यासाठी होती. पिण्याची पाइपलाइन उघड्या गटारातून गेलेली, सांधे सुटलेले. नळ बंद झाले की रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी शिरायचं. तपासणीत ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जिवाणू, सापडले होते. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ते मुळीच आढळता कामा नयेत.

पालिकेच्या वकिलांचा बचाव एकच : तिजोरीत पैसा नाही. याचं उत्तर आमच्याच भागातलं आहे. रतलामच्या उघड्या गटारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी हीच सबब फेटाळली. गावकऱ्यांचा वकील म्हणून मी तो निकाल आणि १९६१ च्या नगरपालिका अधिनियमातलं पालिकेच्या कर्तव्यांचं कलम १२३ वाचून दाखवलं.

त्यावर खंडपीठानं विचारलं, "मग नगरपालिका आम्ही चालवायची का?" प्रश्न रास्त होता. नव्या जलशुद्धीकरण केंद्राची जागा न्यायालयानं ठरवावी, असाही गावकऱ्यांचा आग्रह होता. ती मागणी मी तिथेच सोडली. जागा आणि अंदाजपत्रक निवडून आलेल्या परिषदेनं ठरवावं. तिथे चुकलं तर मतदार तिला जाब विचारू शकतात, न्यायाधीशांना नाही. राज्यघटनेच्या कलम २२६ खालचा परमादेश, म्हणजे उच्च न्यायालयानं प्रशासनाला दिलेला हुकूम, कायद्यात आधीच असलेलं कर्तव्य करून घेण्यासाठी असतो, आणि तेवढ्यासाठी मात्र न्यायालयानं कच खाऊ नये.

खरी झुंज आदेशाच्या शब्दांवर झाली. "निवेदनावर सक्षम अधिकाऱ्यानं विचार करावा" एवढ्यावर याचिका निकाली निघाली की अधिकारी विचार करतो, दोन ओळींत नकार देतो, आणि आदेशाचं पालन झालेलं असतं. अवमान याचिकेला मग काही उरत नाही. म्हणून मागितलं ते असं : याचिका प्रलंबित ठेवा, सांधे बदलायची तारीख द्या, तोवर टँकर, आणि पालनाचं शपथपत्र मुख्य नगरपालिका अधिकाऱ्यांनी स्वतः द्यावं. नमुने शेवटच्या नळावरचे, पुरवठा सुरू होताच घेतलेले. टाकीवरचा नमुना चांगलाच येणार, घाण तर पुढे शिरते! शेवटच्या नळाला उर्वरित (पाण्यात शिल्लक राहिलेला) क्लोरीनही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

हे सगळं आदेशात आलं. बाहेर आल्यावर गावकऱ्यांना सांगितलं, नमुना घेताना हजर राहा, बाटलीच्या सीलवर सही करा, वेळ लिहा. शपथपत्र खोटं निघालं तर ते खोडायला हेच कागद लागतील.