टाउनसेंड हॅरिस आणि माझं दहा मिनिटांचं जपानी भाषण

टोकियोत आमच्या जपानी क्लासला कोर्सच्या शेवटी दहा मिनिटं भाषण करायचं असतं, विषय चिठ्ठी उचलून. मला आला टाउनसेंड हॅरिस. पेरी (परदेशांना बंद असलेल्या जपानला अमेरिकेशी तह करायला लावणारा अमेरिकन नौदल अधिकारी) आला असता तर बरं, त्याची काळी जहाजं इथल्या पोराटोरांनाही माहितीयेत, हा कोण ते मात्र मला शोधावं लागलं.

तर हा न्यूयॉर्कचा व्यापारी. स्वतःची शाळा लवकर सुटलेली, पण 1847 मध्ये गरिबांच्या मुलांसाठी फुकट कॉलेज काढायला हाच पुढे (आजचं तिथलं सिटी कॉलेज). नंतर सगळं सोडून आशियात फिरत राहिला आणि ऑगस्ट 1856 मध्ये अमेरिकेचा पहिला कॉन्सुल जनरल (परदेशातला सरकारी प्रतिनिधी) म्हणून शिमोदा बंदरात उतरला, तर जपानी अधिकारी म्हणाले तुम्हाला बोलावलंय कुणी? पेरीच्या तहात इंग्रजीत होतं, दोनपैकी एका सरकारला गरज वाटली तरी कॉन्सुल ठेवता येईल, जपानीत निघत होतं दोघांनाही वाटली तर. झालं!

एका रविवारी ओदोरिको ट्रेनने शिमोदाला गेले. ग्योकुसेनजी मंदिरात त्याचं ऑफिस आणि घर, आणि तिथे चक्क दुधाचं स्मारक आहे. आजारपणात त्याने दूध मागितलं तर उत्तर आलं, गुरं शेतीला, दूध वासराला, माणसं पीत नाहीत. मला सकाळी दुधाचा चहा नसला तर डोकं धरतं, त्यामुळे माणूस एकदम जवळचा वाटला.

भाषण मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत, मग जपानीत. त्याचंही तसंच, हा इंग्रजीत बोलणार, सेक्रेटरी ह्यूस्केन ते डचमध्ये सांगणार, तिथून जपानी दुभाषा जपानीत. अशा रीतीने 29 जुलै 1858 चा व्यापारी तह झाला. जानेवारी 1861 मध्ये ह्यूस्केनला एदोत (आजचं टोकियो) तलवारीने मारलं, बाकी देशांचे राजनैतिक प्रतिनिधी योकोहामाला निघून गेले, हा तिथेच राहिला.

मी लिहिलं होतं ‘काइकोकु शिता’, म्हणजे जपानने देश खुला केला. सेन्सेईंनी (आमच्या बाईंनी) लाल पेनाने ‘सासेता’ केलं, करायला लावला. म्हणाल्या, जकातीचे दर तहातच बांधून टाकले, अमेरिकन माणसाने गुन्हा केला तर खटला त्यांच्याच कॉन्सुलपुढे, याला आम्ही ‘शिता’ कसं म्हणायचं?

घरी पन्नासदा घोकलं. आणि भाषणात तोंडातून निघालं ‘शिता’च.